आजोळची बाजू

२०२२ च्या ऑगस्टमधल्या एका पावसाळी सकाळी मी साताऱ्याहून स्वारगेटच्या एसटीत बसले, तेव्हा माझ्या पर्समध्ये दादाच्या आतड्याचे पाच तुकडे होते. तांदळाच्या कणीएवढे. मेणाच्या छोट्या वडीत बसवलेले, ती वडी प्लॅस्टिकच्या चौकटीत आणि चौकटीच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर. लॅबमध्ये त्याला नुसतं ब्लॉक म्हणतात. "उन्हात ठेवू नका, मेण आहे," एवढंच तिथल्या मुलानं सांगितलं आणि रजिस्टरवर माझी सही घेतली. त्या ब्लॉकवर दादाची केमोथेरपी अवलंबून होती. माझं, माझ्या मुलांचं आणि भोरच्या मामाच्या घराचंही बरंच काही त्यात दडलंय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आमची शेती वाई तालुक्यात, हळदीची. त्या वर्षी हळद शिजवण्याच्या दिवसांत दादा दोन पाट्या उचलल्या की बसायचा. धाप लागायची. वय ४१. वर्षभर तो लोहाच्या गोळ्या घेत होता, अशक्तपणा म्हणून. मे महिन्यात हिमोग्लोबिन ७.१ आलं, तेव्हा एका तरुण डॉक्टरनं पहिल्यांदा विचारलं, "बाप्या माणसाचं रक्त जातंय कुठं?" मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातली गाठ अशीच असते, हे मला नंतर कळलं. तिथं आतडं रुंद असतं, मल पातळ असतो, त्यामुळे अडत काहीच नाही. रक्त मात्र थेंबथेंब झिरपत राहतं आणि डोळ्यांना दिसत नाही. जूनमध्ये साताऱ्याला कोलोनोस्कोपी झाली. दुर्बिणीतून घेतलेले ते पाच तुकडे तेव्हाचे. जुलैत पुण्यात ऑपरेशन झालं, आतड्याचा उजवा भाग काढला. गाठ आतड्याच्या भिंतीतून आरपार गेली होती, पण तपासलेल्या १९ लसिकाग्रंथींपैकी एकीतही काही नव्हतं. म्हणजे दुसरा टप्पा.

ऑपरेशननंतर ज्या कर्करोगतज्ज्ञांकडे आम्हाला पाठवलं, त्यांनी सहा महिन्यांच्या केमोच्या गोळ्या लिहून दिल्या. "वय लहान आहे, धोका कशाला?" दादा तयार होता. वहिनींनी मात्र माझा हात धरून विचारलं, "ताई, दुसऱ्या कुणाला दाखवायचं का?" त्यांच्या त्या प्रश्नाची मी जन्मभर ऋणी राहीन.

दुसऱ्या डॉक्टरांनी फाइल चाळली आणि विचारलं, "एमएमआर केलंय का?" केलं होतं. पण रिपोर्टवर लिहिलं होतं: 'निष्कर्ष काढता येत नाही.' आम्ही ते वाचून सोडून दिलं होतं. निष्कर्ष नाही म्हणजे काही वाईट नाही, असा आमचा समज.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. मी पुण्यात एका प्रकाशन संस्थेत मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे ते माझ्या मनात चटकन रुजलं. पेशी दुभंगताना तिला डीएनएची अख्खी प्रत काढावी लागते. प्रत काढताना चुका होतात. त्या शोधून दुरुस्त करायला प्रथिनांची एक टोळी असते: एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२, एमएसएच-६. या दुरुस्तीलाच एमएमआर म्हणतात आणि टोळी कामावर आहे का, हे त्या तपासणीत बघतात. चूक सगळ्यात जास्त कुठं होते? जिथं तेच अक्षर किंवा तीच दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात तिथं. तपासणीत वापरतात त्या जागांपैकी एकीत 'ए' हे एकच अक्षर ओळीनं २६ वेळा येतं. एखादं गळलं, एखादं जास्त पडलं, तर नुसत्या नजरेला कळायचं नाही. दुरुस्ती करणारी टोळीच कामावर नसेल, तर अशा जागांची लांबी पेशीगणिक बदलत जाते. या जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात आणि असं झालेल्या गाठीला 'अस्थिर'. मोठ्या आतड्याच्या शंभर कर्करोगांत साधारण पंधरा असे निघतात.

"दुसऱ्या टप्प्यातल्या अशा गाठीचं वागणं सहसा सौम्य असतं," डॉक्टर म्हणाले. "आणि नुसत्या या गोळ्यांचा तिच्यात फायदा दिसलेला नाही. गाठ अस्थिर निघाली तर मी गोळ्या देणार नाही. पण आधी नीट कळायला हवं."

नीट का कळलं नव्हतं, त्याचा छडा मला लागला तेव्हा फार राग आला. ऑपरेशन शुक्रवारी संध्याकाळी झालं. काढलेलं आतडं न उघडता, नमुना टिकवणाऱ्या फॉर्मलिनमध्ये, आणि तेही अपुऱ्या, सोमवारपर्यंत तसंच पडून राहिलं. औषध आतपर्यंत पोचलंच नाही आणि प्रथिनं नासली. माणसाच्या शरीरातून काढलेला अवयव, ज्यासाठी तो टेबलावर साडेतीन तास पडून होता, त्याला शनिवार-रविवार कुणी वाली नव्हता. ज्यांच्या घरी ऑपरेशन ठरलं असेल, त्यांनी हा प्रश्न आधीच विचारावा: नमुना उघडून भरपूर फॉर्मलिनमध्ये कधी टाकणार? विचारायला लाजू नये. मला कुणी सांगितलं असतं, तर मी तिथं जाऊन उभी राहिले असते.

वाट निघाली ती साताऱ्याच्या ब्लॉकमुळे. कोलोनोस्कोपीतले तुकडे इवलेसे असतात, फॉर्मलिन त्यांच्यात तासाभरात आरपार जातं, त्यामुळे ही तपासणी कित्येकदा त्यांच्यावरच जास्त चांगली होते. म्हणून मी ती वडी आणायला गेले होते.

नव्या लॅबमधल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी जे केलं, ते कुणी सहसा करत नाही. चौथ्या दिवशी त्यांनी दादाला आणि मला दोन डोळ्यांच्या जोड्या असलेल्या सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. एका बाजूनं त्या, दुसऱ्या बाजूनं आळीपाळीनं आम्ही. मेणाच्या वडीतून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात, प्रत्येक कापावर एकेका प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड सोडतात. प्रथिन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी होतं, नसेल तर निळं राहतं. पहिली काचपट्टी एमएसएच-२ ची. सगळीकडे तपकिरी ठिपके. एमएसएच-६ ची, तशीच. मग एमएलएच-१. मधोमध गाठीच्या पेशींचे वेडेवाकडे घोळके, सगळे फिके निळे. आणि त्यांच्यात शिरलेल्या पांढऱ्या पेशी मात्र गडद तपकिरी.

"या पांढऱ्या पेशी आपल्याच शरीराच्या, निरोगी. त्या रंगल्या म्हणजे रंग नीट बसलाय," मॅडम म्हणाल्या. "मागच्या वेळी याच रंगल्या नव्हत्या, म्हणून तो रिपोर्ट वाचता आला नाही. आता नक्की सांगता येतं, गाठीत एमएलएच-१ नाही." पीएमएस-२ ची पट्टीही निळी. पण म्हणून दोन जनुकं बिघडली असं नाही. पीएमएस-२ हे एमएलएच-१ च्या आधारानंच टिकतं. जोडीदार गेला की तेही विरून जातं.

दादा बराच वेळ डोळा लावून बसला होता. मग म्हणाला, "ह्या तपकिरी एवढ्या आत कशाला घुसल्यात?"

मॅडमचा चेहरा खुलला. अशा गाठीत दुरुस्ती नसल्यानं हजारो चुका साचतात, त्यातून विचित्र प्रथिनं तयार होतात आणि शरीराच्या रक्षक पेशींना ती परकी वाटतात. म्हणून त्या गाठीत झुंडीनं शिरतात. उद्या कधी असा आजार पसरलाच, तर रक्षक पेशींवरचा लगाम काढणारी औषधं याच गाठींवर चालतात. पेम्ब्रोलिझुमॅबला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली ती अवयव न पाहता, नुसती ही खूण पाहून. दादा घरी येताना एवढंच म्हणाला, "म्हणजे माझी माणसं लढत होती तर."

केमो टळली. मला वाटलं, संपलं.

मॅडमनी रिपोर्टच्या शेवटी एक ओळ घातली होती: पुढे बीआरएएफ तपासणी सुचवली जाते. ही ओळ मी चुकून वाचली नसती तर? मी अनेकांचे रिपोर्ट नंतर पाहिले, शेवटची ओळ कुणी वाचत नाही, कित्येकदा डॉक्टरही घाईत पुढे जातात. एमएलएच-१ गायब होण्याच्या मुख्य वाटा दोन आहेत. एक, उतारवयात त्या एका गाठीपुरतं ते जनुक बंद पडतं. त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइलचे गट चढतात. अक्षरं जागच्या जागी असतात, पण कुणी ती वाचू शकत नाही. अस्थिर गाठींतल्या बहुसंख्य अशाच. दुसरी वाट, जन्मतःच आईकडून किंवा वडिलांकडून बिघडलेली प्रत मिळालेली असते. ती लिंच सिंड्रोम, शंभरातल्या साधारण तीन रुग्णांची. या दोन वाटा वेगळ्या करायला बीआरएएफ हे आणखी एक जनुक बघतात. त्याच्या प्रथिनातलं ६०० व्या जागेचं अमिनो आम्ल बदललेलं सापडलं, तर बहुतेक पहिली वाट. दादाच्या गाठीत ते बदललेलं नव्हतं. मग मिथाइलची तपासणी. तीही नकारात्मक.

या तपासण्यांच्या दिवसांत दादाच्या वॉर्डातल्या ओळखीचे बार्शीचे एक काका मला बाह्यरुग्ण विभागात भेटायचे. त्यांची गाठ डाव्या बाजूची, यकृतात गेलेली. त्यांच्या ब्लॉकवर केआरएएस, एनआरएएस ही जनुकं बघायची होती, कारण केआरएएस बदललेलं असेल तर पेशीला वाढायला सांगणारं ईजीएफआर हे प्रथिन रोखणारी इंजेक्शनं सहसा उपयोगाची नसतात. शंभरात चाळीसेक जणांत ते बदललेलं असतं. काका म्हणाले, "तुझ्या भावाला न् मला डॉक्टर एकच नाव सांगतात आजाराचं, पण तपासण्या बघ किती निराळ्या." त्यांचं खरंच होतं. २०१५ मध्ये जगभरच्या संशोधकांनी एकत्र येऊन या कर्करोगाचे चार रेणवीय गट पाडले. पहिल्यात अस्थिर, रक्षक पेशींनी भरलेल्या गाठी. दुसरा, सगळ्यात मोठा, जवळपास ३७ टक्क्यांचा, जुन्या ओळखीच्या वळणाचा. तिसऱ्यात पेशींचा चयापचय बिघडलेला. चौथ्यात गाठीभोवती तंतूंचं रान माजलेलं, आणि त्याचं भवितव्य सगळ्यात कठीण. ही विभागणी मुख्यतः संशोधनात वापरतात, औषध ठरवताना अजून एमएमआर, केआरएएस-एनआरएएस, बीआरएएफ अशा एकेका खुणाच बघतात. काकांचं केआरएएस न बदललेलं निघालं आणि त्यांना ती इंजेक्शनं सुरू झाली. त्या दिवशी त्यांनी मला कॅन्टीनमध्ये चहा पाजला.

ऑक्टोबरमध्ये आम्ही जनुकीय समुपदेशकांकडे गेलो. तिघं होतो: मी, दादा आणि आमचे वडील, अण्णा. त्या बाईंनी मोठा कोरा कागद पुढे ओढला. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. "घरात आणखी कुणाला कर्करोग?" अण्णा ताठ बसले. आमच्या घराण्याची वंशावळ त्यांना सात पिढ्यांपर्यंत पाठ आहे, कुणाचा कोण, कुणाला दत्तक दिला, सगळं. त्यांनी घडाघडा सांगितलं. एकाही चौकोनात कर्करोग नव्हता.

"आणि आईकडचं?"

अण्णा गप्प झाले. आम्हीही. आई १९९८ मध्ये गेली, ४६ वर्षांची. मी बारा वर्षांची होते. घरात शब्द होता 'पिशवीचं दुखणं'. मामा २००९ मध्ये गेला, ५२ व्या वर्षी, 'पोटाच्या आजारानं'. आजी आमच्या जन्माआधीच गेली, तिच्या पोटात गाठ होती म्हणतात. तिच्या बहिणी किती, त्या कशानं गेल्या, तिच्या आईचं नाव काय, कुणालाच सांगता येईना. त्या कागदावर उजवी बाजू भरगच्च होती आणि डावीकडे चार आकृत्या आणि प्रश्नचिन्हं.

मी घरी जाऊन माळ्यावरची ट्रंक काढली. जुन्या रेशनकार्डाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत आईचा टंकलेखन केलेला रिपोर्ट होता. पिशवीचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग. चोवीस वर्षं तो कागद आमच्या डोक्यावर होता. लिंच सिंड्रोममध्ये आतड्याच्या खालोखाल जी जागा धरली जाते, ती नेमकी हीच.

त्याच सुमारास मी एक जुनी हकीकत वाचली आणि रात्रभर झोपले नाही. १८९५ मध्ये अमेरिकेत मिशिगनमध्ये ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला त्यांची शिवणकाम करणारी बाई म्हणाली होती, की मी लवकरच मरणार, पोटाच्या नाहीतर बायकांच्या आजारानं, कारण आमच्या घरी सगळे तसेच मरतात. त्यांनी ते ऐकून सोडलं नाही, तिच्या घराण्याचा माग काढला आणि १९१३ मध्ये छापला. ती स्वतः गर्भाशयाच्याच कर्करोगानं गेली. १९६६ मध्ये हेन्री लिंच यांनी अशा दोन कुटुंबांवर लिहिलं, आणि जनुकं सापडायला १९९३-९४ उजाडलं. म्हणजे पहिलं निदान एका शिंपीण बाईनं केलं होतं, नुसत्या घरातल्या आठवणींवरून. माझ्या आईनंही आजीबद्दल असंच काही कुणाला सांगितलं असेल का? कुणी ऐकलं असेल?

दादाच्या रक्ताचा रिपोर्ट नोव्हेंबरमध्ये आला. एमएलएच-१ जनुकात रोगकारक बदल. शब्द 'रोगकारक' असा स्पष्ट होता. काही जणांना 'अर्थ निश्चित नाही' असंही उत्तर मिळतं आणि त्यावर कुणाचा निर्णय घेता येत नाही. एकदा नेमकी जागा कळली की बाकीच्यांचं काम सोपं. रक्तात तेवढी एकच जागा बघायची. हा बदल मुलगा-मुलगी न बघता उतरतो, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता.

माझ्या रक्तातही तो बदल निघाला.

त्या खोलीतलं मला फारसं आठवत नाही. समुपदेशक बाईंनी सांगितलेले आकडे आठवतात, कारण मी ते वहीत लिहून घेतले. आतड्याचा धोका आयुष्यभरात निम्म्याच्या आसपास, गर्भाशयाचा शंभरात पस्तीस-चाळीस. नवऱ्यानं विचारलं, "मग करायचं काय?" बाईंनी जे उत्तर दिलं त्यात भीती नव्हती, वेळापत्रक होतं. खरं तर पंचविशीपासूनच दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, मी उशिरा सुरू करणार. मुलं होऊन गेली की चाळिशीच्या सुमारास गर्भाशय आणि अंडाशय काढण्याचा विचार. ॲस्पिरिनबद्दलही त्या बोलल्या, ८६१ जणांवरच्या अभ्यासात रोज ॲस्पिरिन घेतलेल्यांना पुढच्या वर्षांत आतड्याचा कर्करोग कमी झाला. पण ते डॉक्टरांना विचारूनच, आपल्या मनानं नाही. माझी मुलं नऊ आणि सहा वर्षांची होती. त्यांची तपासणी आत्ता करायची नाही, ती मोठी झाली की त्यांचा निर्णय ती घेतील.

कोलोनोस्कोपीचं लोक उगाच भय घालतात. आदल्या दिवशीचं ते पाणी पिणं तेवढं जड जातं, मी लिंबू चोखत प्याले. दुसऱ्या वर्षीच्या तपासणीत माझ्या आतड्यातून सहा मिलिमीटरचा एक पॉलिप, म्हणजे मांसाचा छोटा कोंब, निघाला. दादाच्या गाठीच्याच भागात. मी तो मॉनिटरवर पाहिला, तारेचा फास पडला आणि तो तुटून आला. वीस मिनिटांचं काम. आई, मामा, आजी, तिघांच्याही आतड्यात किंवा पोटात कधीतरी असा सहा मिलिमीटरचा काळ आलाच असणार.

सगळ्यात अवघड काम राहिलं होतं ते आजोळी सांगण्याचं. मांढरदेवीचा घाट ओलांडून मी आणि वहिनी भोरला गेलो. मामेभाऊ बोलला नाही असं नाही, चहापाणी झालं. पण विषय निघाल्यावर म्हणाला, "ताई, माझ्या पोरीचं बघायचं चाललंय. हे गावात कळलं तर कोण करणार तिला?" मी रागावले नाही. पोरीचा बाप आहे तो. मी एवढंच म्हटलं, "रक्त तुझं तपासायचंय, गावाचं नाही." त्यानं मान हलवली, पण आला नाही. मी दर दिवाळीला त्याला तेच पुन्हा सांगते आणि सांगत राहीन.

आली ती मामेबहीण. दीड वर्षानंतर, एका दुपारी तिचा फोन. "तायडे, माझं वय आता अडतीस. बाबा बावन्नला गेले, आत्या सेहेचाळीसला. मी यायचं का पुण्याला?" तिला पाळीच्या मधे रक्त जात होतं, सहा महिने तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं, अस्तराचा नमुना घेतला, तो स्वच्छ आला. मग आम्ही दोघी समुपदेशक बाईंकडे गेलो. त्यांनी आमचा तोच कागद काढला.

मामेबहिणीनं पिशवीतून एक वही काढली. भोरच्या शेजारच्या एका म्हाताऱ्या आजींकडे दोन वेळा जाऊन तिनं सगळं लिहून आणलं होतं. आमच्या आजीला तीन बहिणी. एक बाळंतपणात गेली, एक 'अंगावरून जाण्यानं' चाळिशीत, एक म्हातारी होऊन. आणि त्यांच्या आईचं नाव सरळ, ठळक अक्षरात, पहिल्यांदा. बाईंनी डाव्या बाजूला एक एक वर्तुळ काढलं, एकात रंग भरला, दुसऱ्यात प्रश्नचिन्ह ठेवलं. जागा पुरेना म्हणून खाली दुसरा कागद चिकटवला.

रक्त दिलं त्याला आज अकरा दिवस झाले. रिपोर्टला तीन आठवडे लागतात. ती रोज संध्याकाळी फोन करते, आम्ही त्याबद्दल सोडून बाकी सगळं बोलतो, आणि फोन ठेवताना ती म्हणते, "दहा राहिले."